फियाटचे शॉक ॲब्झॉर्बर आणि ‘ओरिजिनल’चा प्रश्न

धागा. जुनी फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारा माणूस रंगावर आणि क्रोमवर तासन्‌तास बोलतो. शॉक ॲब्झॉर्बर बदलायची वेळ आली, की मात्र एकच वाक्य ऐकू येते : “ओरिजिनलच पाहिजेत.” इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावे, ओरिजिनल म्हणजे कुठले? तुरिनचे, कुर्ल्याचे, की आज गाडीखाली बसलेले?

या प्रश्नाचा एक धागा इंदापूर तालुक्यात पोचतो. निरवांगीच्या शेजारचे वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंद यांनीच (१८८२–१९५३) १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. नीरेकाठच्या उसाने मुंबईची मोटार चालवली, असे म्हणण्याचा मोह होतो. ते अतिसुलभ ठरेल. पण साखर, जहाज, विमान आणि मोटार ही एकाच माणसाच्या डोक्यातली कामे होती आणि त्यांमागचा आग्रहही एकच होता : आपल्याकडे नुसते विकू नये, बनवावे.

कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. तेवढ्यात धोरण बदलले. उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ परदेशी भाग जोडणाऱ्या कंपन्यांना १९५३ नंतर येथे स्थान उरले नाही. १९२८ पासून मुंबईत जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सनेही गाशा गुंडाळला. जे उरले त्यांच्यावर एकेक भाग देशात बनवण्याची जबाबदारी आली आणि त्यातून सुट्या भागांचा वेगळा उद्योगच उभा राहिला. मुंबईत १९६१ साली अमेरिकी मॅरेमाँट कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया ही शॉक ॲब्झॉर्बर बनवणारी कंपनी याच काळातली.

म्हणजे १९६४ पासून येथे तयार झालेली ११०० डी आराखड्याने इटालियन, पण तिचे सुटे भाग वर्षागणिक अधिकाधिक देशी. अशा गाडीसाठी इटलीहून मागवलेला भाग ‘अधिक अस्सल’ कसा म्हणावा? पोथीच्या संपादकाला पाठभेद जसे तपासावे लागतात, तसेच हे आहे. आपण कोणत्या सालची गाडी उभी करतो आहोत, हे आधी ठरवावे लागते.

आता यंत्राकडे. गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकॉप्सर’ म्हणतात, तो गाडीचे वजन पेलत नाही. वजन स्प्रिंग आणि पाटे पेलतात. कमानी तर मोटारीच्या आधीपासून बग्गीला होत्याच. पण नुसती कमान खड्ड्यानंतर झुलत राहते. ते झुलणे थांबवणे एवढेच शॉक ॲब्झॉर्बरचे काम. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी हे घर्षणाच्या चकत्यांनी साधले. पुढे तेल आले : मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत दांडीचा प्रकार, फियाट ११०० मध्ये नळीसारखा लांबट. नळीत दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि हिसक्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

म्हणून गाडी मागून बसली असेल, तर शॉक ॲब्झॉर्बर बदलून काहीही साधणार नाही. आधी पाटे पाहावेत. (ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की धाग्यात लिहिल्यावाचून राहवत नाही.)

पर्याय साधारण तीन. जुन्या दुकानात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला भाग पाहून संग्राहकाचे डोळे चमकतात. पण चाळीस वर्षांत त्याचे रबरी सील कडक झालेले असते, आणि बसवल्यावर महिन्याभरात तेल झिरपू लागते. दुसरा पर्याय जुनाच उघडून नवे सील व तेल घालण्याचा. कारागीर चांगला असेल तर मला हाच सर्वांत आवडतो, कारण बाहेरचे कवच त्या गाडीचेच राहते. मात्र डावा-उजवा दोन्ही एकाच वेळी करावेत, नाहीतर वळणावर गाडी एकीकडे वेगळी वागते.

तिसरा पर्याय नव्या बनावटीचा. येथे नावापेक्षा माप महत्त्वाचे : पूर्ण ताणल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी, दोन्ही टोकांची बसवण्याची पद्धत आणि बुशचा व्यास. दाबलेली लांबी जास्त असेल, तर ऊसवाहू ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रबरी ठोकळ्याआधी शॉक ॲब्झॉर्बरच टेकतो आणि पकड तुटते. ताणलेली लांबी कमी असेल, तर चाक खड्ड्यात उतरताना तोच ओढला जातो. गॅस भरलेले महागडे प्रकार विकणारे बरेच. पण हलक्या, मऊ कमानीच्या या गाडीला ते ताठर करतात, किंचित उचलतातही. पद्मिनीला शर्यतीची गाडी करण्यात काय हशील?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अट अशी, की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणून शॉक ॲब्झॉर्बर बदलणे ठीक; पण न बसणारा बसवण्यासाठी सांगाड्यावर नवी पकड वेल्ड करणे, हे मात्र त्या गाडीच्या कागदपत्रांशीही खेळणे आहे.

घाई करण्याचे एक कारण आहे. पद्मिनीचे सुटे भाग इतकी वर्षे बाजारात टिकले, त्यामागे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा मोठा वाटा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. तो मोठा गिऱ्हाईक आता गेला. तेव्हा तुमच्या आजोबांच्या गाडीखालून काढलेले शॉक ॲब्झॉर्बर भंगारात देऊ नका. चारही मापे वहीत लिहा, कवचावर कोरलेला क्रमांक टिपून फोटो काढा आणि तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवा; पुढच्या वेळी कारागिराला नमुना म्हणून तोच दाखवावा लागेल.