ओळखीच्या चेहऱ्याचें भय

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक हा एक आहे. शृंगाराला, वीराला आणि करुणाला आपल्या टीकाकारांनीं पानेंच्या पानें दिलीं. भयानकाच्या वांट्याला मात्र बहुधा एखादा परिच्छेद आला, आणि तोहि थोड्या संकोचानें लिहिलेला. भयकथा म्हणजे प्रवासांत वाचावयाची आणि घरीं आल्यावर उशीखालीं लपवावयाची वस्तु, असा सुशिक्षित घरांतला समज आहे. परंतु नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, भूमीवर उभें राहून मागें पाहिलें तर या रसाचें कूळ फार जुनें आणि थोर असल्याचें दिसून येतें. श्रोतेहो, त्या कुळाचा मागोवा घेऊन मग आपल्या दोन भयकथाकारांकडे वळावें, असा आजच्या भाषणाचा बेत आहे.

संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वे नांवाचें गांव आहे. १९५०-५१ सालीं तेथें उत्खनन झालें, आणि तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या एका प्राचीन शेतकरी समाजाच्या संस्कृतीला या गांवाचें नांव मिळालें. इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० या काळांत हे लोक महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं नांदत होते. याच जिल्ह्यांतील नेवासें व दायमाबाद येथें त्यांच्या वस्त्या सांपडल्या. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें तर १९६८ पासून अनेक वर्षें खोदकाम चाललें. या लोकांच्या घरीं मूल दगावलें म्हणजे त्याला दोन रांजणांत ठेवीत, रांजणांचीं तोंडें एकमेकांस जोडीत आणि राहत्या घराच्याच जमिनीखालीं पुरीत. इनामगांवीं पुरलेल्या प्रौढांचीं पावलें मात्र घोट्यापाशीं तोडलेलीं आढळतात. मेलेल्या माणसानें चालत परत येऊं नये, म्हणून ही योजना असावी, असें संशोधकांनीं अनुमान केलें आहे.

या दोन चाली शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. एका हातानें ज्यांना घराशीं धरून ठेवावयाचें, त्यांच्याच वाटेला दुसऱ्या हातानें अडसर घालावयाचा. येथें परक्याचें भय नाहीं. तें आपल्या बापाचें, आपल्या आईचें भय आहे. माया आणि भीति एकाच माणसाभोंवतीं गुंडाळलेल्या आहेत. लिहिलेला एकहि शब्द या लोकांनीं मागें ठेवला नाहीं. पण पुढील साऱ्या भयकथांचें बीज त्या तोडलेल्या पावलांत आहे.

नेवाशास मोहिनीराजाचें मंदिर आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीनें देवांना अमृत वाढलें तें येथेंच, असें स्थलपुराण सांगतें. त्या पंगतींत राहु देवाचें रूप घेऊन बसला. सूर्यचंद्रांनीं त्याला ओळखलें, आणि अमृताचा घोट गळ्याखालीं उतरण्यापूर्वींच त्याचें शिर उडालें. राहुरी या गांवाचें नांव लोक या राहूशींच जोडतात. धड गेलें, पण अमृताचा स्पर्श झालेलें शिर मरत नाहीं. तें अजून सूर्यचंद्रांना गिळावयास धांवतें. ही गोष्ट आपण पुराण म्हणून ऐकतों, म्हणून तिच्यांतील भय आपल्या लक्षांत येत नाहीं. आपल्याच पंगतींत मांडीला मांडी लावून बसलेला आपला नव्हे, ही जाणीवच अंगावर कांटा आणणारी आहे.

आणि याच नेवाशांत, शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभीं शांत रसाच्या घरीं अद्भुत रस पाहुणा म्हणून आला आहे, असें ज्ञानेश्वर सांगतात. पुढें विश्वरूप प्रकट होतें. योद्धे त्या भयंकर मुखांत शिरतात, दाढांत मस्तकांचें चूर्ण होतें. परंतु अर्जुनाच्या भीतीचा गाभा त्या दाढांत नाहीं. ज्याच्याशीं थट्टा केली, ज्याच्या शेजारीं जेवलों, निजलों, ज्याला सखा म्हणून हांक मारली, तोच हा आहे, हें त्याला उमगतें. तो त्या सलगीची क्षमा मागतो आणि पूर्वीचें रूप पुन्हां दाखीव, अशी काकुळती करतो. शत्रूला न भिणारा वीर येथें मित्राला भितो. शेवटीं सौम्य रूप परत येतें, श्वास जागेवर येतो. पाहुणा कितीहि भयंकर असला, तरी घर शांत रसाचें आहे, हें कवि क्षणभरहि विसरत नाहीं.

युरोपांत भयकथेचा आरंभ होरेस वॉल्पोल यांच्या १७६४ सालच्या ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या कादंबरीपासून मानतात. जुने किल्ले, भुयारें, हलणारीं चित्रें, असा तिचा थाट होता. पुढें १८१८ सालीं मेरी शेली यांनीं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली आणि भय किल्ल्यांतून निघून शास्त्रज्ञाच्या खोलींत आलें. १८९७ सालीं ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’बरोबर तें लंडन शहरांत उतरलें. म्हणजे शतकाच्या गतीनें भय घराच्या जवळ सरकत होतें. १९१९ सालीं सिग्मंड फ्रॉइड यांनीं या भावनेवर निबंध लिहिला. तिचें जर्मन नांवच मुळीं ‘घरगुती नव्हे तें’ अशा अर्थाचें आहे. जुनें, ओळखीचें, पण दडपून ठेवलेलें जेव्हां वर येतें, तेव्हां असें भय वाटतें, हें त्यांचें प्रतिपादन. अर्जुनाला तें निबंधावांचून कळलें होतें.

मराठींत या रसाला घरोघर पोंचविणारे लेखक नारायण धारप (१९२५-२००८). शंभरांहून अधिक पुस्तकें त्यांच्या नांवावर आहेत. पाश्चात्य कथाबीजें त्यांनीं मोकळेपणानें घेतलीं. ‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे. त्या मूळ कथेंत एका लहान गांवांतील शेजारीपाजारी एकेक करून रक्तपिपासु होतात आणि रात्रीं ओळखीच्या आवाजांत दार उघडावयास सांगतात. धारपांनीं नेमकें असेंच बीज उचललें, यांत त्यांची पारख दिसते. आपल्या वाड्यांना आणि आळ्यांना तें लगेच मानवलें. त्यांच्या एका कथेची प्रेरणा २०१८ सालच्या ‘तुंबाड’ चित्रपटामागें आहे. मात्र धारपांनीं वाचकाला काळोखांत एकटें सोडलें नाहीं. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक संकटांत सांपडलेल्यांच्या मदतीला येतो. नेवाशाच्या परंपरेप्रमाणें येथेंहि पाहुणा भयंकर, पण घर सुरक्षित.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनीं हें शेवटचें आश्वासन काढून घेतलें. त्यांचा लेखनप्रवेश नभोवाणीवरूनच झाला. ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका १९५५ सालीं मुंबई आकाशवाणीनें सादर केली. पुढें अनेक वर्षें बँकेंत नोकरी करीत त्यांनीं नाटकें लिहिलीं आणि ज्यांना ते गूढकथा म्हणत, त्या कथा लिहिल्या. ‘खेकडा’ आणि ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. मतकरींच्या कथांत भूत असेलच असें नाहीं. असूया, एकटेपणा, अपराधाची टोंचणी एवढें सामान त्यांना पुरतें. याच हातानें त्यांनीं मुलांसाठीं ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलें आणि त्यांतील चेटकिणीला पाहून मुलें भिऊन हंसलीं. भय हें मुलांना द्यावयाचें असेल तर तें रंगमंचाच्या चौकटींत द्यावें, ही त्यांची समज मोलाची आहे.

कारण एक गंभीर आक्षेप उरतो. अशा गोष्टींनीं अंधश्रद्धा वाढते, असें कित्येक विचारी माणसें म्हणतात. ज्या महाराष्ट्रांत २० ऑगस्ट १९१३ नव्हे, २०१३ या आपल्या काळांतील दिवशीं डॉ. नरेंद्र दाभोळकर यांचा खून झाला आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथें हा आक्षेप हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. परंतु भोंदू आणि कथाकार यांच्यांत मूलभूत भेद आहे. भोंदू भय खरें म्हणून विकतो, त्याची दक्षिणा घेतो, आणि शेजारच्या निराधार बाईकडे बोट दाखवून तिला चेटकीण ठरवितो. कथाकार पहिल्याच ओळींत सांगतो कीं ही गोष्ट आहे. आणि चांगला कथाकार तें बोट शेजारणीकडून वळवून वाचकाच्या स्वतःच्या मनाकडे आणतो. पहिल्याच्या भयानें माणसें माणसांपासून तुटतात. दुसऱ्याच्या भयानें माणूस स्वतःला थोडा अधिक ओळखतो.

म्हणून घरांतल्या मुलाच्या उशीखालीं असें एखादें पुस्तक सांपडलें, तर तें हिसकावून घेण्यापूर्वीं आपण स्वतः वाचून पाहावें. त्यांत बोट कोणाकडे दाखविलें आहे, एवढें तपासावें. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या कुटुंबांनीं मेलेल्यांचीं पावलें तोडलीं, तरी त्यांना घरापासून दूर टाकलें नाहीं. भयाला घराबाहेर घालवितां येत नाहीं, हें त्यांना माहीत होतें. त्याला जागा कोणती द्यावयाची, एवढेंच माणसाच्या हातीं असतें. आणि गोष्ट ही त्यासाठीं सांपडलेली सर्वांत निरुपद्रवी जागा आहे.