इलेक्ट्रॉनची फिरकी



दिवा लावला म्हणजे तारेंतून इलेक्ट्रॉनांचा ओघ वाहूं लागतो, हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. परंतु विद्युद्भाराखेरीज या कणाच्या अंगीं आणखी एक गुण आहे. जणू स्वतःभोंवतीं फिरत असल्याप्रमाणें तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, आणि चुंबकीय क्षेत्रांत त्याला दोनच दिशा मोकळ्या असतात : वर किंवा खालीं. शास्त्रज्ञ यास ‘स्पिन’ म्हणतात. आपण फिरकी म्हणूं. ही कल्पना जन्मतांच कशी मारली जात होती, तें ऐकण्यासारखें आहे.

१९२२ सालीं फ्रँकफुर्ट येथें स्टर्न व गेरलाख यांनीं चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रांतून सोडला, तेव्हां तो दुभंगला. त्याचें खरें कारण त्यांनाहि उमगलें नव्हतें. १९२५ च्या आरंभीं राल्फ क्रोनिग या वीस वर्षांच्या तरुणास इलेक्ट्रॉन स्वतःभोंवतीं फिरत असावा असें सुचलें. त्यांनीं तें पाउली यांस सांगितलें. पाउली स्वतः पंचविशीच्या आंतलेच, पण त्यांच्या बुद्धीचा दरारा मोठा. कल्पना चतुर आहे, पण सृष्टि तशी नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला, आणि क्रोनिग गप्प बसले.

त्याच वर्षीं लायडन येथें उलेनबेक व गाउडस्मिट या दोघांस तेंच सुचलें. वृद्ध लोरेन्ट्स यांनीं आक्षेप काढला कीं, असें असेल तर इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहूनहि अधिक होईल. घाबरून ते निबंध परत मागूं लागले. परंतु त्यांचे गुरु एरेनफेस्ट यांनीं तो केव्हांच छापावयास धाडला होता! तुम्ही तरुण आहां, थोडा वेडेपणा तुम्हांस परवडेल, अशा अर्थानें त्यांनीं शिष्यांची समजूत घातली. क्रोनिग बुद्धीनें या दोघांहून उणे नव्हते. त्यांना एरेनफेस्ट भेटले नाहींत, इतकेंच.

१९३६ सालीं इंग्लंडांत मॉट यांनीं दाखविलें कीं, लोखंडासारख्या चुंबकीय धातूंत वर व खालीं फिरकीच्या इलेक्ट्रॉनांस होणारा अडथळा सारखा नसतो. म्हणजे एकाच प्रवाहांत दोन ओघ असतात. हा विचार व्यवहारांत उतरावयास अर्धशतक लागलें. १९८८ सालीं फ्रान्समध्यें फेर व जर्मनींत ग्र्यूनबेर्ग यांनीं लोखंड व क्रोमियम यांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले. लोखंडाच्या शेजारच्या थरांचें चुंबकत्व परस्परविरुद्ध असतां दोन्ही ओघ कोठें ना कोठें अडतात. बाहेरच्या चुंबकानें तें एका दिशेस आणलें कीं एका ओघास वाट मोकळी होते आणि विद्युत्‌रोध उतरतो. फेर यांच्या प्रयोगांत तो अति थंडींत जवळजवळ निम्म्यावर आला. १९९७ पासून याच तत्त्वावर संगणकाच्या तबकड्या वाचल्या जाऊं लागल्या, आणि २००७ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

दरम्यान, एकट्या रेणूकडूनच विजेच्या उपकरणाचें काम घ्यावें, अशी कल्पना अविराम व रॅटनर यांनीं १९७४ सालीं मांडली होती. मग फिरकीची निवडहि रेणूनें कां करूं नये? १९९९ सालीं इस्राएलच्या वाइझमन संस्थेंतील नामान व त्यांचे सहकारी यांना आढळलें कीं, डाव्या-उजव्या वळणाच्या रेणूंच्या थरांतून जातांना एका फिरकीचे इलेक्ट्रॉन अधिक सुलभतेनें पार होतात. कार्बनसारख्या हलक्या अणूंचा फिरकीवर एवढा प्रभाव पडेल, असें प्रचलित सिद्धान्तांवरून कोणास वाटलें नसतें; म्हणून या दाव्याकडे बराच काळ संशयानें पाहिलें गेलें. २०११ सालीं सोन्यावर बसविलेल्या दुपदरी डी. एन. ए. च्या मळसूत्री रेणूंनीं साध्या खोलीच्या तपमानांतच इलेक्ट्रॉनांची अशी चाळणी केली कीं, फिरकीचा एकांगीपणा शेंकडा ६० च्या घरांत गेला. एकपदरी रेणूंत तसें घडलें नाहीं. हा परिणाम एवढा मोठा कां, याविषयीं शास्त्रज्ञांचें आजहि एकमत नाहीं.

शंका घेणें हा शास्त्राचा धर्मच आहे. लोरेन्ट्स यांचा आक्षेपहि गणितानें खराच होता. चुकलें होतें तें कणास चेंडू समजणें. परंतु शंकेनें प्रयोगाची वाट दाखवावी, तरुणाचें तोंड बंद करूं नये. आपल्या घरांतील मुलानें एखादी विचित्र कल्पना बोलून दाखविली, तर हंसण्यापूर्वीं ‘हें पडताळावयाचें कसें?’ एवढें तरी आपण त्याला विचारावें.