भाजलेल्या दाण्याची हकीकत

मंडळी, शेतात पाणी खेळवणारा काळा प्लॅस्टिकचा पाइप किंवा फवारणीच्या औषधाचा डबा तुम्ही नेहमी हाताळता. तो एका वायूपासून होतो, असं सांगितलं तर कुणाला थट्टा वाटेल. डोळ्यांना न दिसणारा वायू, आणि त्याचा डबा! या वायूचे नाव एथिलीन. त्याचे कण एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या झाल्या, की पॉलिएथिलीन तयार होते.

इंग्लंडात 1933 साली गिब्सन आणि फॉसेट यांना एथिलीनपासून हे द्रव्य मिळाले होते. पण त्यासाठी हवेच्या हजारपटीहून अधिक दाब द्यावा लागे, आणि माल नरम निघे.

पुढे अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या बार्टल्सव्हिल गावी, फिलिप्स पेट्रोलियम कंपनीत पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स हे दोघे काम करीत होते. खरे पाहता त्यांना प्लॅस्टिक नकोच होते! तेलशुद्धीत निघणाऱ्या वायूंचे मोटारीचे इंधन करता येईल का, एवढेच ते पाहत होते. निकेल मुरवलेले दाणे नळीत भरायचे आणि त्यांवरून वायू सोडायचा, असा त्यांचा प्रयोग. 1951 च्या जूनमध्ये त्यांनी क्रोमियमही घालून पाहिले आणि प्रॉपिलीन वायू सोडला. निकेलने नेहमीचा पातळ पदार्थ दिला. क्रोमियमने मात्र पांढरा, घट्ट पदार्थ दिला. दुसऱ्या कुणी नळी धुऊन टाकली असती. यांनी निकेल सोडलं आणि क्रोमियम धरलं.

आता हा दाणा करतात कसा ते पाहा, कारण सगळी मेख तिथेच आहे. औषधाच्या बाटलीत ओल शोषायला जी पुडी असते, तिच्यातल्या सिलिकासारखाच हा दाणा. अंगभर बारीक छिद्रे. एक ग्रॅम दाण्यांच्या छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून मांडला तर सुमारे 300 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे भरेल! त्यात क्रोमियमच्या क्षाराचे पाणी मुरवायचे. शंभर भागांत क्रोमियम एखादाच भाग. धातूचा गोळा घेतला असता तर आतले कण फुकट गेले असते; इथे प्रत्येक कण सुटा, आपापल्या जागी बसलेला.

मग सुकवून 500 ते 900 अंश सेल्सिअसवर भाजायचे. खालून कोरडी हवा सोडली की दाणे पाण्यासारखे उकळू लागतात आणि नारिंगी होतात. ओल राहिली तर दाणा निकामी. भाजणी वाढवली तर साखळ्या आखूड होतात, प्लॅस्टिक सहज वाहते. पण अति झाली तर छिद्रेच मिटतात. आपल्या भाजणीचे पीठ करणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. एक मात्र खरे, हे भाजलेले क्रोमियम विषारी असते. ते हाताळणाऱ्या कामगाराला फार जपावे लागते.

असा दाणा एथिलीनमध्ये पडला की छिद्रांतून साखळ्या वाढू लागतात आणि त्यांच्या रेट्याने दाणा आतून फुटतो. त्याचा चुरा प्लॅस्टिकमध्येच राहतो. ग्रॅमभर दाण्यांपासून किलोगणती माल निघतो, म्हणून तो चुरा वेगळा काढण्याची यातायात नाही. दाबही हवेच्या काही दहापटींवर भागतो.

फिलिप्सने 1954 साली हे प्लॅस्टिक ‘मार्लेक्स’ नावाने बाजारात आणले. पण माल एकसारखा उतरेना, गिऱ्हाईक फिरकेना, गुदामे भरली. शेवटी 1958 मध्ये कमरेभोवती फिरवायच्या ‘हूला हूप’ कड्यांचे वेड अमेरिकेत पसरले आणि पोरांच्या खेळाने कंपनीचा साठा उठवला.

मानाची गोष्ट वेगळी. जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी 1953 साली दुसऱ्या वाटेने कमी दाबाचे पॉलिएथिलीन केले; इटलीत जुलिओ नाटा यांनी 1954 मध्ये पॉलिप्रॉपिलीन केले. 1963 चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले, बार्टल्सव्हिलच्या जोडीला नाही. पॉलिप्रॉपिलीन आधी कुणाचे, हा वाद अमेरिकेत कित्येक वर्षे चालला. अखेर 1983 साली तिथले पेटंट फिलिप्सला मिळाले. जूनमधल्या त्या प्रयोगाला तोवर 32 वर्षे होत आली होती.