गाडीआडची शिकार

शाळू निघाला की आमच्या शिरोळ-हातकणंगल्याकडचं रान उघडं पडायचं. माघ-फाल्गुनात काढणी उरकायची, पेंढ्या बांधून बुचाडं रचली जायची आणि मागं उरायची ती नुसती धसकटं. आज या मुलखात बाराही महिने उसाचा हिरवा पडदा उभा असतो, त्यामुळं तेव्हाचं मोकळं रान कसं दिसायचं हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही. बांधावर उभं राहिलं की तिसऱ्या गावच्या देवळाचा कळस दिसायचा. पायवाटेनं येणारा माणूस कोण हे त्याच्या चालीवरून ओळखू यायचं.

अशा रानात सरवा वेचायला बायका यायच्या, तशीच पाखरंही यायची, आणि माझ्या आज्याच्या तरणेपणी हरणंही यायची. सांडलेला दाणा आणि बांधाचा पाला खायला काळविटांचे कळप माळावरून खाली उतरायचे. काळवीट वाऱ्यापेक्षा डोळ्यांवर विसंबणारं जनावर. झाड नाही, झुडूप नाही, अशा धसकटात माणूस दोन शेतं पलीकडं वाकला तरी कळपातली एखादी मादी मान वर करायची आणि सगळा कळप उड्या घेत पार व्हायचा. मग शिकाऱ्यानं लपायचं तरी कुठं?

आजा म्हणायचा, "लपायचं कशाला? गाडी जुपायची."

मला आधी ते कळलं नव्हतं. तो समजावून सांगायचा, "आरं पोरा, मानूस दिसला की हरन पळतंय. पर बैलगाडी दिसली तर न्हाई पळत. त्येला ठावं असतंय, ही आली कडबा न्यायला. रोज येती, रोज जाती. कुनाचं काय वाईट केलंय तिनं?"

कोल्हापूर दरबारची चित्त्याची शिकार उभी होती ती या एवढ्याशा गोष्टीवर. छत्रपती शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद. 1894 साली राज्यकारभार हाती आला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. घोड्यावर बसून भाल्यानं रानडुकराची शिकार करण्यात जसा त्यांचा हात धरणारा कमी, तशीच दरबारची चित्त्यांची शिकारही नावाजलेली. पाळलेल्या चित्त्याकडून काळवीट धरायची ही रीत मोगलांच्याही आधीपासूनची. अकबर-जहांगिराच्या काळात ती फार वाढली, आणि बडोदा, भावनगर, कोल्हापूर अशा संस्थानांत विसाव्या शतकापर्यंत टिकली.

आज्यानं ती गाडी लांबून पाहिली होती. साधी बैलगाडी, वर बाजेसारखी फळी. तिच्यावर चित्ता बसलेला, कमरेला दोरी आणि डोळ्यांवर कातड्याची टोपी. त्याला काही दिसायचं नाही, म्हणून तो शांत असायचा. शेजारी चित्तेवान, म्हणजे चित्ता सांभाळणारा आणि शिकवणारा माणूस. गाडी कळपाकडं सरळ कधीच न्यायची नाही. सरळ येणाऱ्या गोष्टीवर जनावराचा विश्वास नसतो. तिरकं जायचं, जरा लांबून वळसा घालायचा, पुन्हा थोडं जवळ सरकायचं. बैलांना घाई करायची नाही आणि गाडी थांबवायचीही नाही. रोज चालणारी गाडी मधेच थांबली की हरणाला शंका येते.

गाडी टप्प्यात आली की टोपी काढायची. चित्ता एकदा कळपावर नजर फिरवायचा, काळ्या पाठीचा नर हेरायचा आणि गाडीवरून उतरायचा. पुढचा खेळ काही सेकंदांचा. चित्त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो, पण दम तीन-चारशे मीटरचाच. तेवढ्यात साधलं तर साधलं, नाहीतर तो रुसल्यासारखा खाली बसायचा. साधलं की चित्तेवान धावत जायचा, पळीत रक्त धरून त्याच्या तोंडाशी न्यायचा आणि तो चाटत असतानाच डोळ्यांवर पुन्हा टोपी चढवायचा.

यातलं सगळं कसब त्या चित्तेवानाचं, गाडीवानाचं आणि बैलांचं. राजे-साहेब मागं असायचे.

आणखी एक गोष्ट या शिकारीच्या मुळाशी होती. कोंडलेला चित्ता सहसा वीत नाही. चारशे वर्षांत भारतात पाळीव चित्तीण व्याल्याची एकच नोंद सांगतात, ती जहांगिराच्या काळातली. शिवाय बच्चू धरून शिकवता येत नाही. आईनं शिकार शिकवलेला मोठा चित्ताच रानातून पकडावा लागतो. म्हणजे गाडीवर बसलेला प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला. देशी चित्ते मिळेनात तेव्हा संस्थानांनी आफ्रिकेकडं तोंड वळवलं. 1918 ते 1945 या काळात निदान दोनशे चित्ते बोटीनं हिंदुस्थानात आले. आणणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर पुढं होते.

गाडीआड लपायची ही युक्ती दरबाराची नव्हे. ती पारध्यांची. गायपारधी शिकवलेली गाय पुढं घालून तिच्या अंगाआडून चालत. गाय चरतेय असं पाखराला नि हरणाला वाटायचं, आणि गायीच्या चार पायांत आणखी दोन पाय आहेत हे त्यांच्या ध्यानात येईतो फास पडलेला असायचा. फासेपारध्यांचे फास तर जमिनीलगत असे बसत की शेतकऱ्याचा पाय पडला तरच कळावं. चित्ते धरणारे आणि शिकवणारे पारधीही होते. रानातलं हे शास्त्र त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं.

या लोकांचं पुढं काय झालं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरू लागला. न दिसणं हेच ज्यांचं पोट, त्यांच्यासारख्यांना चावडीवर जाऊन 'मी इथं आहे' म्हणून हजेरी द्यायची पाळी आली. राजाच्या शिकारीत जे कसब म्हणून वाखाणलं जाई, तेच पारध्याच्या अंगी दिसलं की तो चोर. शाहू महाराजांना हा अन्याय दिसला. शिकारीच्या निमित्तानं ते रानोमाळ हिंडले, रानातल्या माणसांत बसले. आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत त्यांनी 1918 साली बंद केली. देशभरातला कायदा जायला मात्र 1952 साल उजाडलं, आणि त्याचा डाग अजून गेलेला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पालाकडं वळते.

शिकारीची गोष्ट सांगताना आज्याचा आवाज पहिल्यांदा रंगात यायचा आणि शेवटाला पडायचा. "शिकार झाली की आठ-पंधरा दिस हरनं आमच्या गाडीलाबी बुजायची," तो म्हणायचा. "आमी कडबा भराय जायाचो, तर कळप लांबनंच पळायचा. आमी काय केलंतं त्यास्नी?"

मला त्यातलं दुःख मोठेपणी कळलं. पिकात शिरतं म्हणून शेतकरी हरणाला हाकलायचा, शिव्याही घालायचा. तरीपण गाडीला न भिण्याएवढी ओळख त्या दोघांत कैक पिढ्यांनी जमलेली होती. ती ओळख कुणी जमवली आणि खर्च कुणी केली, याचा हिशेब आज्याच्या मनात असावा.

1949 च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि चित्त्यांच्या गाड्या इतिहासजमा झाल्या. पण हरणांचे बरे दिवस आले नाहीत. देशभर बंदुका आणि जीपगाड्या रानात शिरल्या. जीपच्या दिव्यापुढं दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर गोळ्या झाडायला वळसा घालायचं कसब लागत नव्हतं. आमच्याकडं नदीचं पाणी शिवारात फिरलं, ऊस आला, माळ मोडले. देशातला चित्ता 1952 साली संपल्याचं जाहीर झालं. काळविटाला कायद्याचं संरक्षण मिळालं ते 1972 साली, तोवर आमच्या शिवारातलं हरीण फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलं होतं. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून कुनोला चित्ते आणले तेव्हा टीव्हीवर सगळे ते पहिल्यांदाच बघितल्यासारखे बोलत होते. आफ्रिकेचा चित्ता कोल्हापूरच्या धसकटातून शंभर वर्षांपूर्वी धावून गेला होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात होतं.

काळवीट बघायला मला सोलापूरकडं, नान्नजच्या बाजूला जावं लागलं. शाळू निघालेलं रान, तसंच उघडं. कळप धसकटात चरत होता आणि त्याच्या अलीकडून एक ट्रॅक्टर कडब्याची ट्रॉली ओढत धडधडत गेला. एकाही हरणानं मान वर केली नाही. पुढं बांधापाशी ट्रॅक्टर थांबला, ड्रायव्हर पाणी प्यायला खाली उतरला, आणि त्याचा पाय जमिनीला लागतोय तोवर कळप उधळला होता.