पाऱ्याचा हिशेब

साकोली हें नांव मुंबई-पुण्याकडील वाचकांच्या कानांवर क्वचितच पडलें असेल. मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, चुलबंद नदीच्या खोऱ्यांत वसलेलें भंडारा जिल्ह्यांतील हें एक तालुक्याचें गांव. परंतु भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत त्याला मानाचें स्थान आहे. भंडारा, नागपूर व लगतच्या प्रदेशांत पसरलेल्या अतिप्राचीन खडकांच्या एका त्रिकोणाकृति पट्ट्याला शास्त्रज्ञांनीं 'साकोली' हेंच नांव दिलें आहे. या खडकांत तांबें आहे, जस्त आहे, आणि थोडेंसें सोनेंहि आहे. नागपूर जिल्ह्यांतील परसोडी-मरूपार भागांत भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें त्याचा शोध घेतलेला आहे.

सोनें जेथें खडकांत असतें तेथें तें कणाकणानें नदीच्या वाळूंतहि येतें. वाळू धुऊन सोनें काढणारी सोनझारी ही जात वैनगंगेच्या खोऱ्यांत पूर्वापार होती, व रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत तिची नोंद आहे. नदीच्या वळणावर साचलेली वाळू लाकडी पात्रांत घ्यावयाची, तिच्यावर पाणी सोडून पात्र हलकेंच फिरवीत राहावयाचें. वाळू वाहून जाते, आणि तिच्याहून सातपट जड असें सोनें तळाशीं राहतें. कसब मोठें, मिळकत अल्प. परंतु नदी होती तशीच राही.

याच्या पुढची पायरी पाऱ्याची. अतिसूक्ष्म कण पाण्यानें निवडतां येत नाहींत. पारा मात्र ते आपल्या पोटांत घेतो. तें मिश्रण तापविलें कीं पारा वाफ होऊन उडतो व सोनें मागें उरतें. पाऱ्याच्या योगानें सोनें शुद्ध होतें ही गोष्ट पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यासहि ठाऊक होती. त्या काळापासून आजवरचा पाऱ्याचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे एक गोष्ट प्रकर्षानें नजरेस येते. जोंपर्यंत पारा दुर्मिळ होता तोंपर्यंत मनुष्यानें त्याचा कणकण जपला. तो मुबलक होतांच त्याचा हिशेब ठेवण्याचें मनुष्यानें सोडून दिलें, आणि मग तो हिशेब नदीनें ठेवला.

आपल्या देशांत पाऱ्याची विद्या ज्या नांवाशीं निगडित आहे तें नागार्जुनाचें नांव विदर्भाला परकें नाहीं. रामटेकाजवळ आजहि नागार्जुनाची टेकडी दाखविली जाते. अर्थात् बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रससिद्ध नागार्जुन हे एकच कीं निरनिराळे, हा वाद जुना आहे. अकराव्या शतकांत अल्बेरुणीनें रसविद्येतील नागार्जुन आपल्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें होऊन गेल्याचें व तो सोमनाथाजवळचा असल्याचें लिहिलें आहे, तेव्हां टेकडीचा दाखला इतिहास म्हणून पुढें करण्यांत अर्थ नाहीं. परंतु या विद्येच्या ग्रंथांतून दिसणारी शिस्त मात्र विचार करण्याजोगी आहे. पाऱ्याच्या आठ महादोषांत त्यांनीं 'विष' हा दोष स्पष्टपणें गणला. 'चांचल्य' हाहि गणला. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन इत्यादि आठ संस्कार झाल्यावांचून पारा औषधास योग्य नव्हे, असा दंडक घातला. हिंगुळांतून पारा काढावयाचा तर दोन मडकीं तोंडाला तोंड लावून ठेवावयाचीं, सांधा मातकापडानें लिंपून बंद करावयाचा, खालून अग्नि द्यावयाचा व वरचें मडकें ओलें ठेवून वाफ तेथेंच निववावयाची. डमरूच्या आकारावरून या योजनेला डमरूयंत्र म्हणत.

ही सारी दक्षता लोककल्याणाच्या दृष्टीनेंच होती असें मानणें भाबडेपणाचें होईल. हिंगुळाला आपल्याकडे 'दरद' असेंहि म्हणत, व दरद हें वायव्येकडील एका डोंगरी लोकांचें नांव आहे. हा जिन्नस दुरून येई हेंच त्यावरून सूचित होतें. दुरून आलेली महाग वस्तु कोण उडूं देईल? रसवैद्यानें मडक्याचा सांधा लिंपला तो पारा वांचविण्यासाठीं. त्यांत त्याचीं फुप्फुसें आणि गांवची नदी आपोआप वांचलीं.

याच्या उलट चित्र पाहावयाचें तर सोळाव्या शतकांतील स्पॅनिश अमेरिकेकडे वळावें. मेक्सिकोंत पाचुका येथें बार्तोलोमे दे मेदिना यानें १५५४ च्या सुमारास हलक्या दर्जाच्या खनिजांतून पाऱ्याच्या साह्यानें रुपें काढण्याची रीत बसविली. पुढें दहा वर्षांच्या आंतच पेरूमध्यें हुआंकाव्हेलिका येथें पाऱ्याची खाण हातीं लागली. स्पेनमधील अल्मादेनची खाण तर होतीच. पाऱ्याचा व्यापार स्पेनच्या राजानें आपल्या मुठींत ठेवला, व कोणत्या खाणवाल्यानें किती पारा नेला याच्या वह्या राखल्या. कां? तर नेलेल्या पाऱ्यावरून त्यानें किती रुपें काढलें असेल याचा अंदाज येई, आणि राजाचा कर चुकवितां येत नसे. हिशेब होता, पण तो रुप्याचा होता. हुआंकाव्हेलिकाच्या खाणींत वेठीनें राबविलेल्या इंडियन मजुरांच्या शरीरांत किती पारा गेला आणि ओढ्यांनीं किती वाहून नेला, याचा रकाना त्या वह्यांत नव्हता.

हाच प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस ॲमेझॉनच्या खोऱ्यांत अफाट प्रमाणावर झाला. १९७९-८० च्या सुमारास ब्राझीलमध्यें सोन्याची लाट उसळली व तापाजोस, मदेइरा या नद्यांच्या कांठीं हजारों माणसें सोनें धुवावयास लोटलीं. पारा त्यांना सहज मिळे. पाऱ्या-सोन्याचा गोळा उघड्या भांड्यांत तापवावयाचा, वाफ वाऱ्यावर सोडावयाची, उरलेला पारा गाळाबरोबर नदींत. आज त्यांना बंद भांडें वापरण्याचा उपदेश केला जातो, आणि तें भांडें म्हणजे तत्त्वतः आपलें डमरूयंत्रच होय! २०१५ च्या आंकड्यांवरून केलेल्या राष्ट्रसंघाच्या पाहणीप्रमाणें मनुष्याच्या उद्योगांतून जगाच्या हवेंत जाणाऱ्या सुमारें २,२०० टन पाऱ्यापैकीं शेंकडा ३८ या लहान सोनेखाणींतून जातो.

नदींत गेलेला पारा तळाशीं निपचित पडून राहतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. ती समजूत जपानांतील मिनामाता येथील कोळी कुटुंबांनीं आपल्या प्राणांनीं खोटी ठरविली. तेथील एका रासायनिक कारखान्याचें पारायुक्त सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत समुद्रांत जात होतें. १९५६ च्या मे महिन्यांत त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. आधीं मांजरें झिंगून मेलीं, मग माणसांचे हातपाय कांपूं लागले, वाचा गेली. आणि ज्या आया धडधाकट दिसत होत्या त्यांच्या पोटीं अपंग बालकें जन्मलीं. त्या कारखान्यांतून घातक मिथिल-पारा तयारच बाहेर पडत होता. पुढें १९६९ सालीं जेन्सेन व येर्नेलोव्ह या स्वीडिश शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं गाळांतील सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याचेंहि मिथिल-पाऱ्यांत रूपांतर करतात. जेथें पाणी उबदार व संथ, पाला-पाचोळा पुष्कळ आणि प्राणवायु थोडा, तेथें हें काम जोरानें चालतें. उष्ण कटिबंधांतील नद्या व तळीं हीं त्याला जणूं आयतींच घरें. मग शेवाळ्यांतून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, अशा रीतीनें हें विष चक्रवाढ व्याजानें वाढत जातें. पाण्यांत नांवाला असलेला पारा शिकारी माशाच्या मांसांत दहा लाख पटींहूनहि अधिक आढळतो.

तापाजोसच्या कांठीं आणखी एक गोष्ट उघडकीस आली. नदींतील पुष्कळसा पारा सोनेवाल्यांचा नसून तेथील जुन्या तांबड्या मातींत युगानुयुगें साठलेला होता. जंगल तोडल्यावर ती माती धुपून तो नदींत उतरला. फ्रेंच गियानांत प्ती-सो येथें १९९४ सालीं धरणाखालीं जंगल बुडालें, तेव्हां कुजणाऱ्या झाडांच्या पाण्यांत मिथिल-पारा कसा उपजतो हेंहि दिसून आलें. म्हणजे पारा नदींत ओतलाच पाहिजे असें नाहीं. जमिनीची ठेव मोडली तरी पुरे.

हें सर्व परदेशचें झालें असें म्हणून वाचकांनीं सुटकेचा निःश्वास टाकूं नये. ठाण्याच्या खाडींतील पाऱ्याविषयींचें झिंगडे व देसाई यांचें संशोधन १९८१ सालींच प्रसिद्ध झालें. कारवार येथील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याजवळच्या समुद्रांतील पाऱ्याविषयीं १९९० सालीं निबंध आला. मिठाच्या पाण्यांतून वीज सोडून कॉस्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतींत पारा हा विद्युद्ध्रुव म्हणून वापरीत, व त्यांतला कांहीं भाग सांडपाण्याबरोबर जाई. ही पद्धत बंद करून पाऱ्यावांचून चालणारी पडद्याची पद्धत आणावी, असें २००३ सालीं केंद्र सरकार व कारखानदार यांच्यांत ठरलें. येथें हिशेब उशिरां झाला, पण झाला.

आतां पुनः साकोलीकडे येऊं. या मुलखांत पारा ओतणारा सोनेवाला नाहीं. पण कोळशांत अत्यल्प प्रमाणांत पारा असतो, आणि लाखों टन कोळसा जाळला म्हणजे अत्यल्पहि अल्प राहत नाहीं. उत्तरेस तिरोडा येथें ३,३०० मेगावॅटचें, पश्चिमेस मौदा येथें २,३२० मेगावॅटचें, त्यापलीकडे कोराडी व खापरखेडा येथें अशीं औष्णिक वीजकेंद्रें या प्रदेशाच्या भोंवतीं आहेत. रसवैद्यानें पारा मोल देऊन घेतला म्हणून जपला. सोनेवाल्यानें स्वस्तांत घेतला म्हणून उधळला. कोळशांतला पारा तर कोणी घेतच नाहीं. तो फुकट येतो, धुराबरोबर व राखेबरोबर जातो, आणि कोणाच्याहि वहींत त्याच्या नांवें खर्च पडत नाहीं. म्हणूनच कायद्यानें तो रकाना उघडावा लागला. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें वीजकेंद्रांच्या धुरांतील पाऱ्याला दर घनमीटरास ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. पाऱ्यासंबंधीं मिनामाताच्याच नांवाचा जो जागतिक करार २०१३ सालीं झाला त्याला भारतानें २०१८ सालीं मान्यता दिली.

परंतु कागदावरील मर्यादा ही हिशेबाची अर्धीच बाजू होय. दुसरी बाजू पाण्यांत आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं बांधलेले जुने मालगुजारी तलाव, पूर्वीं याच जिल्ह्यांत असलेला व १९९९ पासून गोंदियांत गेलेला नवेगांवचा बांध, आणि पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचें अवाढव्य धरण, हें सर्व उबदार व संथ पाणी आहे. त्यावर ढिवरांचीं हजारों घरें जगतात. मासळी विकून जी उरते ती ते घरीं खातात, आणि ती खाणाऱ्यांत गर्भवती स्त्रिया व लहान मुलें असतात. मिनामाताच्या कोळ्यांचाहि तोच आहार होता. या पाण्यांतील मरळीसारख्या शिकारी माशांची व रोहूसारख्या शाकाहारी माशांची ठराविक मुदतीनें तपासणी करून आंकडे ढिवर सोसायट्यांच्या हातीं, मराठींत, द्यावे. हें काम फार खर्चाचें नाहीं. नागपुरांत प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठ आहे, आणि तालुक्यातालुक्यांत रसायनशास्त्र शिकविणारीं महाविद्यालयें आहेत. तपासणींत कांहीं निघालें नाहीं तर आनंदच आहे. निघालें तर तें आईच्या ताटांत येण्यापूर्वीं कळेल.

सोनझाऱ्याच्या पात्रांत दिवसाकाठीं जें कांहीं उरे तें तो संध्याकाळीं तोलून पाही. त्याच नदींत आपण काय सोडलें तें तोलून पाहण्याची पाळी आतां आपली आहे.