संचयविभाजन, संकेतस्थळाचे

संकेतस्थळाची विदा (मजकूर, छायाचित्रे, डेटाबेस), ते चालवणारी व्हर्च्युअल मशीन (व्यवहारात ‘व्हीएम’) आणि बॅकअप या तीन गोष्टी वेगवेगळ्या जागी ठेवण्याची पद्धत.

छोट्या संकेतस्थळांत तिन्ही बहुधा एकाच डिस्कवर असतात. वर्डप्रेसमध्ये मजकूर मायएसक्यूएल डेटाबेसात आणि चित्रे ‘अपलोड्स’ फोल्डरात जातात. चित्रांनी डिस्क भरली की डेटाबेसचे लिहिणेही अडते. व्हीएम मोडली तर नवी उभारता येते, कारण तिच्यावरचे सॉफ्टवेअर कुठूनही पुन्हा उतरवून घेता येते. विदेचे तसे नाही, आणि जपायची ती विदाच.

रचना : चित्रे ऑब्जेक्ट स्टोअरेजमध्ये, म्हणजे फाइली नेटवर्कवरून सुट्या साठवणाऱ्या सेवेत (उदा. अ‍ॅमेझॉनची एस३, मार्च २००६ पासून), डेटाबेस स्वतंत्र सर्व्हरवर किंवा व्हॉल्यूमवर. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर मारियाडीबी डेटाबेसात असतो. त्यातील बरीच चित्रे ‘कॉमन्स’ या सामाईक भांडारातून येतात आणि स्विफ्ट या वेगळ्या संचयप्रणालीत राहतात.

बॅकअप : संपूर्ण व्हीएमचा स्नॅपशॉट सोयीचा, पण तेवढ्यावर विसंबू नये. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्यास अर्धवट लिहिलेले व्यवहार त्यात येतात. ‘मायएसक्यूएलडंप’ या साधनाला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला, तर इनोडीबी प्रकारचे तक्ते एकाच क्षणाच्या स्थितीत उतरतात आणि संकेतस्थळ बंद ठेवावे लागत नाही. क्रमही पाळावा : आधी डेटाबेस, मग चित्रे. उलट केल्यास दोहोंच्या मधल्या काळात चढवलेल्या चित्राचा उल्लेख डेटाबेसात येतो, चित्र मात्र बॅकअपमध्ये नसते. सिंक (दोन जागांच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ जागी पुसलेली फाइल दुसऱ्या जागीही पुसली जाते. बॅकअपमधून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहिल्याशिवाय तो चालतो असे धरू नये.

स्ट्रासबुर्गची आग : १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीचे फ्रान्समधील एसबीजी२ हे डेटासेंटर जळाले, शेजारच्या एसबीजी१चाही काही भाग गेला. काही ग्राहकांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही याच आवारात होते. करारातील बॅकअपविषयक शब्दांच्या अर्थावरून खटले झाले.

उदाहरण, मसुरे (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) : भरतगड किल्ल्याचे हे गाव. येथील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, म्हणजे ती दरवर्षी बदलते. अशा गावाच्या संकेतस्थळावर तारीख जाहीर होताच एकदम गर्दी उसळणार. चित्रे वेगळ्या संचयात असली, तर तेवढ्या दिवसांपुरती व्हीएम मोठी करता येते, विदेला हात न लावता. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर विजेचे खांब कोसळले आणि पुरवठा खंडित झाला. जत्रेच्या छायाचित्रांची एकमेव प्रत गावातल्या संगणकावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे; एक प्रत जिल्ह्याबाहेर हवीच.

खर्च : ऑब्जेक्ट स्टोअरेज व्हीएमच्या डिस्कपेक्षा सहसा स्वस्त, विदा बाहेर काढण्याचे शुल्क काही सेवांत वेगळे पडते.

नियम : भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात.