इंजिनाचा उच्छ्वास कुणी झेलायचा? सिन्नरच्या पिकअपसाठी ऑइल कॅच कॅनचा इतिहास

१. सिन्नर म्हटले की इतिहासाच्या वाचकापुढे गोंदेश्वर उभा राहतो: यादवकाळातले भूमिज शैलीचे पंचायतन, काळ्या पाषाणात घडवलेले. याच गावाचा आणखी एक इतिहास चाकांवर चालतो आणि त्याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. कांदा, टोमॅटो, भाजीपाला आणि माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतला माल वाहणारे पिकअप हे त्या इतिहासाचे साधन. आजचा थ्रेड अशा पिकअपच्या बॉनेटखाली बसवल्या जाणाऱ्या एका लहानशा डब्याविषयी आहे. त्याचे नाव ऑइल कॅच कॅन.

२. आज हा डबा 'इंजिनाचे आयुष्य वाढवणारा' म्हणून विकला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मोटार शर्यतींनी हा डबा रूढ केला तो स्वतःचे इंजिन वाचवण्यासाठी नव्हे, तर आपले तेल मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून. हा मूळ हेतू ध्यानात ठेवला, तर कोणता डबा घ्यावा आणि तो कसा जोडावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप स्पष्ट होतात.

३. आधी यंत्र समजून घेऊ. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'चेंबर'मध्ये, उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. या वायूत तेलाचे सूक्ष्म थेंब, पाण्याची वाफ, काजळी आणि न जळलेले इंधन असते. त्याला वाट दिली नाही तर दाब साठतो, ऑइल सील फुटतात, डिपस्टिक वर उचलली जाते. म्हणून प्रत्येक इंजिनाला उच्छ्वासाची वाट, म्हणजे ब्रीदर, द्यावीच लागते. ती वाट कुठे नेऊन सोडायची, या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

४. पहिले उत्तर सोपे होते: रस्त्यावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक मोटारींत क्रँककेसपासून खाली जमिनीच्या दिशेने एक नळी काढलेली असे. गाडी धावू लागली की नळीच्या तिरप्या तोंडाजवळून वाहणारी हवा आतला वायू ओढून घेई. गाडी उभी असली किंवा रांगत असली की ही ओढ जवळजवळ नाहीशी होई. तेलाचे थेंब मात्र दोन्ही वेळी पडत. मालकाच्या दृष्टीने व्यवस्था नामी होती: घाण त्याच्या इंजिनातून गेली आणि सर्वांच्या रस्त्यावर पडली.

५. दुसरे उत्तर युद्धाने दिले. खोल पाण्यातून जाणाऱ्या लष्करी वाहनांना ही उघडी नळी परवडणारी नव्हती. तिच्यातून पाणी थेट इंजिनात शिरले असते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या इंजिनात क्रँककेसमधला वायू एका व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेक मॅनिफोल्डकडे ओढून घेतला जाई आणि सिलिंडरमध्ये जाळला जाई. युद्ध संपल्यावर याच विलिस जीपची जुळणी महिंद्रा कंपनीने मुंबईत सुरू केली. पुढे कंपनीचे कारखाने घाट चढून वर आले: इगतपुरीला इंजिनांचा, नाशिकच्या सातपूरला वाहनांचा. सिन्नरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बोलेरो पिकअपची वंशावळ अशी त्या जीपशी जाऊन भिडते.

६. तिसरे वळण लॉस एंजेलिसचे. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर असे झोंबरे धुके उतरले की अनेकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हल्लेखोर बाहेरचा नाही. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोनयुक्त धुके बनवतात. मोटारीच्या हायड्रोकार्बनचा बराच मोठा वाटा, साधारण एक-पंचमांश, सायलेन्सरमधून नव्हे तर ब्रीदरच्या त्या साध्या नळीतून येत होता.

७. म्हणून १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने क्रँककेसचा वायू पुन्हा इंजिनात वळवणाऱ्या पीसीव्ही प्रणालीची सक्ती ठरवली. १९६३ पासून ती तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना लागू झाली. अमेरिकेत मोटारीच्या प्रदूषणाविरुद्ध झालेली ही पहिली तांत्रिक सक्ती. तिने सायलेन्सरला हात लावला नाही, ब्रीदरला लावला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

८. चौथे उत्तर शर्यतींच्या मैदानावरचे. पूर्ण वेगात धावणाऱ्या इंजिनात ब्लो-बाय प्रचंड असतो, आणि वळणावर सांडलेले चमचाभर तेलही मागच्या गाडीला फेकून देऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत अट आली: ब्रीदर उघडा असेल तर तेल झेलणारे पात्र हवेच. २००० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान २ लिटरचे, त्याहून मोठ्या गाडीला ३ लिटरचे; आणि तेलाची पातळी बाहेरून दिसावी म्हणून पात्र अर्धपारदर्शक असावे किंवा त्याला पारदर्शक पट्टी असावी. हाच आपला कॅच कॅन.

९. मग शर्यतीतला डबा पिकअपमध्ये का आला? कारण जीपच्या त्या उत्तरालाही एक किंमत होती. तेलकट वायू परत इंजिनात वळवला की तेल टर्बोच्या पाइपात, इंटरकूलरमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये साचते. आधुनिक डिझेल इंजिनात ईजीआर जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेतो आणि त्याबरोबर काजळी येते. तेल आणि काजळी मिळून डांबरासारखा थर धरतात. हवेचा मार्ग अरुंद होतो, इंजिनाची ताकद घटते आणि धूर वाढतो. वाटेत डबा ठेवून तेल वेगळे काढायचे आणि स्वच्छ झालेला वायू तेवढा परत पाठवायचा, ही कल्पना येथून आली.

१०. आता सिन्नरचा रस्ता पाहा. घोटी-इगतपुरीमार्गे कसारा घाट उतरून मुंबईला माल टाकायचा आणि परतीचे भाडे भरून तोच घाट चढायचा. बोलेरो पिकअपचे इंजिन २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल. भरल्या गाडीने घाट चढताना टर्बोचा दाब जास्त, सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणजेच रिंगांच्या कडेने उतरणारा वायूही जास्त. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे घाटाला पर्याय मिळाला. पण चढ आणि ओझे यांचे गणित इंजिनापुरते बदललेले नाही.

११. डबा विकत घेण्यापूर्वी इंजिन तपासावे. मूळ ब्रीदर, त्यातला तेल वेगळे करणारा भाग आणि पडद्याचा व्हॉल्व्ह स्वच्छ आहेत का ते पाहावे. इंजिन सुरू असताना ऑइल फिलरचे झाकण सैल केल्यावर जोराचा धूर आणि भपकारा येत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. रिंगा झिजल्या असतील तर डबा हा उपाय नव्हे. तो फक्त लक्षण झाकतो आणि खर्च पुढे ढकलतो. पुढे ढकललेला खर्च बहुधा वाढूनच येतो.

१२. निवड. डबा रिकामा नसावा. आत आडपडदे आणि तारेची घट्ट बसवलेली जाळी हवी. तेलकट वायू या अडथळ्यांवर आदळतो, थेंब चिकटतात आणि खाली ओघळतात. पोकळ डब्यातून वायू सरळ निघून जातो आणि तेलही त्याच्याबरोबर जाते. जाळीऐवजी भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा मोह टाळावा. तिचा एखादा तुकडा सुटून टर्बोच्या पंख्यावर गेला, तर डब्याच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. पातळी दाखवणारी काच किंवा नळी आणि खाली निचऱ्याचा कॉक असावा. अर्धा ते एक लिटरचा डबा पिकअपला सहसा पुरतो.

१३. पाइप. डब्याची दोन्ही तोंडे मूळ ब्रीदर पाइपापेक्षा आतून अरुंद नसावीत. अरुंद झाली की वायू कोंडतो आणि सील गळू लागतात. रबर तेल सोसणारे, म्हणजे नायट्राइलचे किंवा त्याहून वरच्या दर्जाचे हवे. रेडिएटरचा पाइप इथे वापरू नये. त्याचे रबर गरम पाण्यासाठी घडवलेले असते, तेलात ते फुगते आणि मऊ पडते.

१४. जोडणी. डब्याची जागा ब्रीदर आणि टर्बोच्या आधीचा हवेचा पाइप यांच्या मधली. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडांची अदलाबदल करू नये. टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, वारा लागेल अशा ठिकाणी डबा बसवावा, कारण थंड भिंतीवरच थेंब जमतात. ब्रॅकेट शक्यतो बॉडीला असावा आणि इंजिन हलते तेवढी ढील पाइपात ठेवावी. पाइपाला मध्ये झोळ पडू देऊ नये. तिथे साचलेले पाणी-तेल बुचासारखे काम करते. सर्व जोडांना क्लॅम्प हवेत. एअर फिल्टरनंतरच्या पाइपाला कुठेही फट राहिली, तर शेतरस्त्याची धूळ गाळणीशिवाय आत जाते.

१५. सर्वांत गंभीर धोका भरलेल्या डब्याचा. कॉक उघडायचा विसर पडला, पातळी वर आली आणि घाटात गाडी तिरकी झाली, तर साचलेले तेल एकदम टर्बोकडे खेचले जाऊ शकते. डिझेल इंजिन ते तेल इंधनासारखे जाळते. मग किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, वेग अनावर होतो आणि शेवटी ते फुटू शकते. म्हणून पातळी आतल्या तोंडाच्या बरीच खाली असतानाच डबा रिकामा करावा. बसवल्यानंतर पहिली तपासणी ५०० किलोमीटरवर करावी. किती तेल जमते ते पाहून पुढचे अंतर ठरवावे.

१६. आता तो जुना मोह. परतीचा पाइप जोडायचाच नाही, डब्याला वर एक छोटी गाळणी लावायची आणि वायू हवेत सोडायचा. काम सोपे, इनटेक कोरडा. पण याचा अर्थ आपण १९६१ च्या मागे गेलो: पुन्हा मालकाची घाण सर्वांच्या हवेत. पीयूसी केंद्रावर हे सापडणार नाही, कारण तिथली नळी सायलेन्सरमध्ये घालतात, ब्रीदरकडे कुणी पाहत नाही. कायद्याच्या लेखी मात्र प्रश्न उरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९०(२) वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे दंडनीय ठरवते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर बंद जोडणीचा डबा बसवण्यापूर्वीही सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे.

१७. डब्यात जमलेले द्रव्य पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी, इंधन आणि आम्ले असतात. हिवाळ्यात ते ताकासारखे पांढुरके दिसते, ते पाण्यामुळे. ते गटारात किंवा बांधावरही टाकू नये. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपात ते जमा करावे आणि ते पिंप अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाते ना, हे विचारावे. तसेच दर वेळी किती जमले ते वहीत लिहावे. जमा होणारे तेल अचानक वाढले, तर रिंगा झिजत असल्याची ती पहिली खबर असते.

१८. रस्ता, पुन्हा इंजिन, हवा आणि डबा: उच्छ्वासाला शतकभरात एवढ्याच वाटा सापडल्या. रस्त्याची वाट मालकाला फुकट पडत होती आणि तिची किंमत इतरांनी मोजली. बंद जोडणीचा, वेळेवर रिकामा होणारा कॅच कॅन ही किंमत मालकाकडे परत आणतो: थोडे पैसे, ठरावीक अंतरावरची पाच मिनिटे आणि वहीतली एक ओळ. पावसाळ्यात घाटात आपल्या पिकअपमागे एखादा दुचाकीस्वार असतो, हे आठवले की एवढी किंमत जास्त वाटत नाही.

१९. तुमच्या घरी किंवा गावात जुनी जीप असेल, तर इंजिनाखाली किंवा मॅनिफोल्डजवळ तिच्या ब्रीदरची वाट कुठे जाते ते पाहा आणि छायाचित्र खाली जोडा. कोणत्या सालच्या गाडीने कोणते उत्तर स्वीकारले, याची नोंद आपण मिळून करू.